भर गल्लीतला भोंडला

वेदिका साताऱ्याहून देवासला आली तेव्हा सातवीत होती. वडिलांची बदली इथल्या कारखान्यात झाली आणि पोरीच्या तोंडाला कुलूपच लागलं. एरवी ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे. साताऱ्यात शेजारच्या म्हशीशीसुद्धा तिच्या गप्पा चालत. पण इथे तिने हिंदीत तोंड उघडलं की गल्लीतल्या मुली खुदकन हसत आणि ही घरात पळे.

त्यात पितृपक्ष लागला. माळव्यातल्या मुली या दिवसांत संजा मांडतात. भिंतीवर शेणाची चित्रं, त्यांवर फुलांच्या पाकळ्या आणि रोज संध्याकाळी घरोघर गाणी. दूधवाल्यांची राजल या सगळ्यांची पुढारी. एकदा ती दारात येऊन म्हणाली, "चल रही है क्या?"

वेदिका चपला शोधायला धावली, पण आईने हात धरला. "पितृपक्षात कसली गाणी? आपल्यात चालत नाही."

राजल खांदे उडवून निघून गेली. पुन्हा काही तिने बोलावलं नाही. पंधरवडाभर वेदिका खिडकीत उभी राहून गाणी ऐकत राहिली. आता आपल्याला इथे कोणी विचारणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं आणि ते तिला फार लागलं.

घटस्थापनेला मात्र तिने कंबर कसली. आपला भोंडला तर आता सुरू होतो. तिने पाटावर खडूने हत्ती काढला, आईला खिरापतीला वाटली डाळ करायला लावली आणि एकेक दार वाजवलं.

"शाम को मेरे घर आना," ती राजलला म्हणाली. "हाथी के आजूबाजू घूमते हैं, गाना बोलते हैं."

राजल बघतच राहिली. "आज? आज तो सब टेकरी जाएंगे, माताजी के दर्शन को."

नवरात्राच्या पहिल्या दिवशी अख्खं देवास टेकरी चढतं, हे साताऱ्याच्या पोरीला कोण सांगणार? संध्याकाळी घरात हत्ती, डाळीचा डबा आणि आई, एवढेच जमले. "जाऊ दे गं, आपण दोघी फेर धरू," आई म्हणाली. दोघींचा कसला आलाय फेर! वेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला. तिने पाट उचलला आणि सरळ गल्लीच्या मधोमध नेऊन ठेवला. टेकरीला जायचं तर सगळ्यांना इथूनच जावं लागणार होतं.

"अगं वेदे, लोक काय म्हणतील?" आई दारातूनच म्हणाली.

वेदिका एकटीच मोठ्याने गात हत्तीभोवती फिरू लागली. एक स्कूटर थांबली. नवे कपडे घातलेल्या मुली आल्या आणि थबकल्या. दोघी हसल्या. वेदिकेचे कान तापले, आवाज चिरकला, पण पाय थांबले नाहीत. राजलने जरा वेळ पाहिलं. मग हातातला नारळ आपल्या आईकडे दिला, ओढणी खोचली आणि येऊन वेदिकेचा हात धरला. "इतना धीरे कौन घूमता है?"

मग काय, फेर वाढतच गेला. खिरापत ओळखायच्या वेळी आईने घरातून डबा आणला आणि मुलींनी शेवेपासून मावाबाटीपर्यंत सगळी नावं घेतली. "संजा में भी ऐसे ही ताड़ते हैं," म्हणत राजलने डबा हुंगला आणि तीही हरली. वेदिका कित्येक दिवसांनी पोट धरून हसली.

डाळ संपल्यावर राजल म्हणाली, "चल, अब टेकरी." घोळक्याच्या मधोमध वेदिका निघाली. पायऱ्यांपाशी ओळखीच्या एका बाईने राजलला विचारलं, "या नवी छोरी कुण हे?"

"नवी कायकी?" राजल म्हणाली. "अपणी गली की हे."