पूजेतलं कडं
ग्रीसच्या वासात झेंडूचा वास मिसळला, की मला वाडीतलं आमचं पत्र्याचं शेड आठवतं. तिथे दादाने स्वतः चासी वेल्ड करून एक गाडी बांधली होती. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारा लांब शाफ्ट त्याच्या सीटला लागूनच फिरायचा. तो तुटला तर उसळून पायात घुसू नये म्हणून त्याच्याभोवती बसवायचं जाड लोखंडी कडं तयार होतं, फक्त बोल्ट कसायचे राहिले होते. तेवढ्यात खांडेनवमी आली आणि बाबांनी पाने, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन यांच्यासोबत ते कडंही पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पूजेतल्या वस्तूला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. आणि गाडीचा मुहूर्त नेमका दसऱ्याचा. "बाबा, तेवढं कडं तरी लावू द्या न," दसऱ्याच्या दिवशी मी सकाळपासून मागे लागले होते. "पूजेतलं उचलत असते का वं कोणी? उद्या लावू." दादा हसला, "काहून भिऊन राहिली वं? नाक्यापर्यंत तर जाऊन येतो." अमरावती रोडकडून लोखंड आपटल्याचा आवाज आला, तेव्हा मी पाटासमोरच उभी होते. आजही दर खांडेनवमीला बाबा ते कडं पुसून पाटावर मांडतात, दादा काठी टेकत येऊन त्याला फूल वाहतो. ते उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावं असं मला दरवर्षी वाटतं. पण पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नसतो.