न विचारणाऱ्या आत्याबाई

आमच्या भोरात नवखा माणूस दिसला की पारावरची मंडळी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय त्याला पुढे सोडत नसत. अशा गावात राहून आत्याबाईंनी कुणाला कधी काही विचारलं नाही. संस्थानच्या तुरुंगातल्या बायकांच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असे. बाई चोरी करून आलेली असो की सवतीचं डोकं फोडून, आत्याबाई तिच्यापुढं पाणी ठेवत, भाकरी वाढत, बस्स. "इचारायला फौजदार हाय की! त्याला पगार कशाचा मिळतो?"

गोदी तिथं आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. आईबाप नसलेली पोर. सख्ख्या चुलत्यानं तिला मुंबईच्या एका दलालणीला विकलं होतं. तिला नेणारी मोटार पोलिसांनी सारोळ्याच्या पुलापाशी अडवली आणि पोर वाचली. वाचली कसली! अशा मुलींना ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून खटला संपेपर्यंत तिची रवानगी तुरुंगात. दलालीण जामिनावर मोकळी, चुलता 'मलाही फसवलं' म्हणत उजळ माथ्यानं हिंडतोय, आणि कोठडीत कोण, तर पोर! सरकारतर्फे खटला माझ्याकडे होता. नवी कोरी सनद होती माझी, पण त्या दिवशी मला कायद्याची लाज वाटली.

गोदी कुलपाच्या आवाजानं दचकते, हे आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी हेरलं. मग त्या कुलूप लावीनातच. दारात आडव्या होत आणि म्हणत, "म्याच कुलूप."

फौजदारानं विचारून झालं, डॉक्टरांनी विचारलं, मग मी जाऊ लागलो. 'काय झालं ते सांग, बाळ.' पोर भिंतीकडे तोंड फिरवून बसे. एकदा आत्याबाईंनी मला दारातच अडवलं.

"वकीलसाहेब, ती जेवतीया. तुमी जावा."

"अहो, उद्या तारीख आहे!"

"तारखेला म्हनावं थांब जरा. पोरीला लई दिसांनी भूक लागलीया."

मी आल्या पावली परतलो.

मोटारवाल्याच्या साक्षीवर दलालणीला शिक्षा झाली. पण चुलत्यावर पुरावा नव्हता, आणि त्यानंच पालक म्हणून पोरीचा ताबा मागितला! कोर्टात बघ्यांची ही गर्दी. न्यायाधीशांनी विचारलं, "मुली, चुलत्यानं तुला विकलं का?" गोदी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. चुलता मिशीत हसत होता. ती बोलली नाही, तर त्याच संध्याकाळी तो तिला घेऊन जाणार होता. 

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाई पुढं आल्या.

"गोदे, तुला कुठं जायचंय?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"तुमच्याकडं," पोर ताडकन म्हणाली. "चुलत्याकडं न्हाई. त्यानंच मला मोटारीत बसवली. पैसे घेताना म्या बघितलंय."

चुलत्याचं हसू कुठल्या कुठे पळालं. पण न्यायाधीश म्हणाले, "तुरुंगाच्या नोकराला ताबा देता येत नाही." आत्याबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. "मग आजपासनं म्या नोकर न्हाई." न्यायाधीशांनी किल्ली बाजूला सरकवली. मग त्यांनी आत्याबाईंच्या नावे ताब्याचा हुकूम लिहिला.

नोकरीबरोबर राहायची खोलीही गेली. दोघी भोरजवळच उत्रोलीला खोपटात राहिल्या, लोकांच्या भातलावणीला जाऊ लागल्या. लोक काय, तुरुंगातली पोर म्हणून बोटं मोडत. पुढं पासलीचं एक स्थळ आलं, तेव्हा आत्याबाईंनी पाहुण्यांना सांगितलं, "पोरगा पसंत हाय का, येवढंच तिला इचारा. मागचं काढायचं न्हाई." पाहुणेही भले निघाले; गोदी पासलीला नांदायला गेली.

आत्याबाईंचे डोळे गेले, तेव्हा गोदी बैलगाडी घेऊन आली. मी भेटायला गेलो होतो. कडेवर आपलं पोर घेऊन ती त्यांच्यापुढं बसली.

"आत्या, कुठं जायचंय?"

म्हातारीनं चाचपत हात पुढं केला. "तुझ्याकडं," म्हणाली.

गाडीत बसवताना मी न राहवून म्हटलं, "आत्याबाई, परत कधी येणार?"

"वकीलसाहेब," त्या हसल्या, "तुमची इचारायची खोड काय जायची न्हाई."

त्या पुन्हा भोरकडे आल्या नाहीत.