कडक भाकरीवाल्या बाई

लग्न होऊन सोलापुरात आले, तेव्हा माझी एकही भाकरी अख्खी तव्यावर जात नसे. सासरी सगळे हसायचे. शेवटी गल्लीच्या तोंडाशी कडक भाकऱ्या विकणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांचं नाव कधी विचारलंच नाही. गालात तंबाखू, कपाळावर कायम आठी.

"मला न्हाय शिकवाय येत. बघायचं तर बघ."

मी थापायला बसले, की त्या चक्क पाठमोऱ्या बसायच्या. मला भयंकर राग यायचा. पण कुणी बघत नाही म्हटल्यावर हात मोकळे व्हायचे.

एके दिवशी मी भाकरी उचलायच्या आधीच त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "आज मोडत न्हाय बघ. आवाज लई चांगला येतोय की."

परवा माझी लेक पहिल्यांदा परातीशी बसली. मी तिच्याकडे पाठ फिरवली आणि कान देऊन ऐकत राहिले.