डोंगरातले सातशे

साताऱ्याकडचा गडी साम्राज्याची गोष्ट सांगायला लागला की तुमचा हात आपसूक मिशीवर जातो, मला म्हायती हाय. मिशी नसली तरी जातो. आता घोडं येणार, तलवार येणार, कोणतरी कडा चढणार. सॉरी बरं का. माझं साम्राज्य मी हाफ चड्डीवर बसून उभं केलं. पाय स्टुलावर, बाजूला चुरमुऱ्याचं ताट, आणि लॅपटॉप तापतो म्हणून त्याला टेबलफॅनचा वारा. घोडी हुती, पण बोटाएवढी. आणि एवढ्या मोठ्या साम्राज्याला घाबरलं कोण, तर एकटी माझी आई.

गेम मला सांगलीत मिळाला, डिप्लोमाला असताना. वर्गातला एक दोस्त हुता, हळदीच्या व्यापाऱ्याचा पोरगा, जैन. दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा व्हायचा आणि जग जिंकायला बसायचा. वाटेत मुंगी दिसली तर पाय आखडणारा माणूस, पडद्यावर चाळीस हजार कापून काढायचा आणि वर मला विचारायचा, "चहा घेणार काय?" त्यानंच मला शिकवलं. जगाचा जुना नकाशा असतो. त्यातलं एक राज्य घ्यायचं आणि चारशे वर्षं सांभाळायचं. सोयरीक करून मैत्री जोडायची, धान्य भरून ठेवायचं, शेजारी गाफील दिसला की त्याचं दोन परगणं गिळायचं. धडाधड गोळ्या घालायचा गेम न्हाई ह्यो. बसून राहायचा आणि वाट बघायचा गेम हाय.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, फौजेत. आमचं वडील, आबा, पण फौजेतनंच हवालदार म्हणून रिटायर झालेलं. लॅपटॉप दादानंच फौजेच्या कॅन्टीनमधनं आणलेला. मागच्या सुट्टीत त्यानं दोन दिवस लांबनं बघितलं, तिसऱ्या दिवशी मला ढकलून स्वतः बसला. मी आधी मुलूख बघायचो, त्यो आधी आकडा बघायचा. प्रत्येक सैन्याच्या डोक्यावर आकडा असतो, किती माणसं हायत त्याचा. हिवाळ्यात सैन्य डोंगरात गेलं की दर म्हयन्याला त्यो आकडा आपोआप उतरतो. समोर दुश्मन नसला तरी.

"लढाई नसताना माणसं कमी हुत्यात, ते बघत जा," दादा म्हणला.

"जी सर," मी म्हणलो, आबांच्या आवाजात. आत आबा खोकलं.

एक काम त्यानं मुद्दाम केलं. गेममधी एक पद्धत असते, सेव्ह एकच. गेम स्वतःच लिहून ठेवत जातो, चुकलं तर मागं जायची सोय न्हाई. दादानं ती लावली. मी लय बोंबललो. म्हणला, "आमाला कुठं असती मागं जायची सोय?" सेनापतीला नाव द्यायचं हुतं, मी टाईप केलं 'दादा'. जाताना बॅग खांद्याला लावून म्हणला, "डोंगराच्या पलीकडं जायचं न्हाई. मी आल्यावर बघू."

त्याला बर्फातली पोस्ट मिळाली. कुठली ते सांगायचा न्हाई. रविवारी फोन यायचा, आधी आईला, मग मला. मला पहिला प्रश्न ठरलेला, "सीमा कशी हाय?" आई शेजारी बसून तोंड वाकडं करायची. "तूच हायस की रं सीमेवर, त्या रिकामटेकड्याला काय इचारतोस?"

आता माझ्या तोंडाचं सांगायला पायजे. मला आवाज काढायची खोड. एसटीचा कंडक्टर, शाळेतलं हेडसर, आबांचं घोरणं. सगळ्यात भारी जमायचा टीव्हीवरचा बातम्यावाला. आधी तोंडानं ढ्यँ ढ्यँ म्युझिक, मग त्यो घाईघाईचा घसा. एकदा त्याच आवाजात म्हणलेलो, "आताची सर्वात मोठी बातमी, उंब्रजजवळ एका महिलेनं सख्ख्या पोराला चहा नाकारला," तर आई पदरात तोंड घालून हसलेली. चहा मिळालेला.

जानेवारीत एका रविवारी फोन आला न्हाई. आबा म्हणलं, "बर्फ पडलं की लाईन जाती. आमच्या टायमाला दीड दीड म्हयना पत्र नसायचं." पुढच्या रविवारी पण आला न्हाई.  त्या दिवसापासनं सातच्या बातम्या लागायच्या आत आबा टीव्ही बंद करायचं आणि रिमोट खिशात टाकून गोठ्याकडं जायचं. आई फोन घेऊनच स्वयंपाकघरात असायची. पिठाच्या डब्यावर ठेवायची, पडदा वर करून. पिठाचं बोट लावून मधनंच बघायची, उजेड लागतोय का.

मंगळवार हुता. आमच्या उसाला तोड आलेली, आबा रानात. दुपारची वेळ, आई मागं चुलीवर भाकरी थापत हुती, मी पुढं सोप्यात. दादाचा फोन आला तर सांगायला कायतरी भारी पायजे, असं माझ्या मनात हुतं. सीमा कशी हाय म्हणला की म्हणायचं, "सीमा? सीमा आता डोंगराच्या पलीकडं हाय, साहेब." पलीकडची राजधानी रिकामी दिसत हुती. गेममधी नोव्हेंबर चालू हुता. मी दादाला चोवीस हजार घेऊन वर पाठवला.

डिसेंबरात एकोणीस हजार. मी म्हणलो, चालतंय, पोचल्यावर भरून काढू. जानेवारीत अकरा. तेवढ्यात दुश्मनानं मागची खिंड बंद केली. पुढं बर्फ, मागं त्यो. आकडा असा उतरायला लागला जसं टाकीचा नळ उघडा राहिलाय. मी नुसता बघत बसलो. मग एक चौकोन उघडला, सेनापती दादा मयत झाले. खाली एकच बटन हुतं, ओके. दुसरं काय दाबायला नव्हतंच. मी दाबलं. सैन्याच्या डोक्यावर सातशे राहिलं हुतं.

मला भ्या वाटलं की मी आवाज काढतो. लहानपणापासनं तसंच हाय. गेम थांबवला आणि तोंडानं ढ्यँ ढ्यँ चालू केलं.

"आताची सर्वात मोठी बातमी. बर्फात अडकलेल्या तुकडीशी संपर्क तुटला. शेकडो जवान बेपत्ता. कुणी वाचलं असण्याची शक्यता कमी, असं सूत्रांनी सांगितलंय."

सेनापतीचं नाव मात्र घेतलं न्हाई. 

मागं भाकरी थापायचा आवाज थांबलेला, ते मला कळलं न्हाई. कळलं त्यो वास. करपल्याचा. मी म्हणलो, "आई, भाकरी!" आत गेलो. तव्यावर भाकरी काळी ठिक्कर, धूर निघतोय. परातीत पिठाचा गोळा, त्यावर चार बोटं उठलेली. फोन डब्यावर तसाच. मागचं दार उघडं आणि चपला न्हाईत.

शेजारी गेलो, न्हाई. गिरणीत न्हाई. देवळात न्हाई. परत घरी आलो तवा आबा पायरीवर उभं, हातात करपलेली भाकरी.

"काय झालं रं?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात. आबांचा हात लय जड हाय, मी गाल तयार ठेवलेला. पण त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज कुठला काढलास?"

"बातम्याचा."

आबांनी भाकरी चुलीच्या कडंला ठेवली आणि गाडीला किक मारली. "बस."

गाडी त्यांनी आधी विहिरीकडं घातली. आबा काठावर गेलं, वाकून बघितलं, परत आलं, तरी गाडी चालू करायला त्यांना तीन किका लागल्या. तिथनं रानात, तिथनं ओढ्याच्या पुलावर. पुलावर एक शेरडंवाला भेटला. म्हणला, वहिनी हायवेकडं गेल्या, हाक मारली पण वळल्या न्हाईत.

उंब्रजच्या स्टँडवर ती बाकड्यावर बसलेली. औंधला यमाईच्या जत्रेला नेसती ती साडी. मांडीवर पिशवी, आणि पिशवी रिकामी. चहाच्या गाड्यावरचा माणूस आबांना म्हणला, "आवं, लय येळ झाला बसल्यात. साताऱ्याची गेली, कऱ्हाडची गेली, कशातच चढंनात. चहा दिला त्यो पण गार झाला."

आबा तिच्या शेजारी बसलं. "कुठं निघालीस?"

"कुठंच न्हाई."

"मग हितं कशापायी?"

आईनं त्यांच्याकडं बघितलंच न्हाई. रस्त्याकडं बघत म्हणली, "गाडी आली हुती का घरी?"

आबांना कळलं. मला कळायला थोडा वेळ लागला. दोन वर्षांमागं शेजारच्या गावात फौजेची अशी एक गाडी आलेली. दोन वर्दीवालं, संगं सरपंच. त्या घरातली बाई धान्य पाखडत हुती. त्यांनी विचारलं, घरात कोण हाय? ती म्हणली, मीच हाय, बसा की. आई त्यांच्या पोराच्या मयतीला जाऊन आली आणि किती तरी दिवस तेच बोलायची, "मीच हाय म्हणली बघा. सूप हातात तसंच."

"घरात मी नसले तर सांगतील कुणाला?" आई म्हणली. "तुमी पण घरी बसू नगा. उसाकडंच ऱ्हावा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "कर."

"काय?"

"मघाशी केलंस ते. हिच्यासमोर कर."

भर स्टँडवर मी उभा राहिलो. पहिलं ढ्यँ फुटलंच न्हाई. दुसऱ्यांदा केलं. आताची सर्वात मोठी बातमी. बर्फात अडकलेल्या तुकडीशी. दोन बायका मान वर करून टीव्ही कुठं लावलाय ते बघायला लागल्या. चहावाल्यानं हातातला मोबाईल बघितला. मी हसतोय का रडतोय ते मलाच कळत नव्हतं, पण आवाज मात्र बरोबर निघत हुता, एकदम तस्साच. आई माझ्या तोंडाकडं बघत हुती. डोळ्यांकडं न्हाई, ओठांकडं.

"ह्यो हुता?" तिनं विचारलं.

"व्हय. गेम हाय गं आई. खोटं हाय सगळं. टीव्ही बंदच हुता."

मला वाटलं, आता हसंल. निदान चप्पल तरी काढंल.

"मग दादाचा फोन का येत न्हाई?"



गाडीवर तिघं परत आलो. आईनं करपलेली भाकरी कुत्र्याला टाकली आणि उरलेल्या गोळ्याची भाकरी थापली. आबांनी लॅपटॉपचं झाकण लावलं, हळूच, झोपल्यालं कोण उठंल अशा बेतानं. बुधवारी फोन न्हाई, गुरुवारी न्हाई. आई जेवायला वाढायची आणि मागच्या दारात जाऊन बसायची. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की आबा आधी उठायचं आणि फाटकात जाऊन उभं राहायचं, जणू वाट अडवायची हाय. मी ते तीन दिवस आवाजच काढला न्हाई, माझा पण न्हाई.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. आईनं उचलला न्हाई, नुसती बघत राहिली. आबांनी उचलला. "बोल," म्हणलं. तिकडनं दादाच हुता. मग फोन आईला दिला. ती लय वेळ नुसतं "व्हय... व्हय" करत हुती. मग तिनं सगळं सांगितलं, स्टँडपर्यंतचं. आणि फोन माझ्याकडं केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतोय."

दादाचा घसा बसलेला. माझ्या ओळखीचा आवाजच न्हाई त्यो.

"काय केलंस?"

"चुकलं दादा. मला वाटलं..."

"ते आईला सांग. मी सैन्याचं इचारतोय. डोंगरात घातलंस?"

"व्हय."

"कुठल्या म्हयन्यात?"

"नोव्हेंबर."

"आकडा बघितलास?"

"बघत हुतो."

"बघत हुतास म्हंजे? कमी हुतोय ते दिसत हुतं आणि तरी पुढं ढकलत हुतास?"

मी जरा हलकं करायला गेलो. "सेनापती गेला आपला."

तिकडं वाऱ्याचा आवाज.

"आमी नऊजण वर हुतो," दादा म्हणला. "बारा दिवस रस्ता बंद हुता."

"आता सगळी बरी हायत न्हवं?"

"किती उरल्यात तुझी?"

"सातशे."

"कुठं हायत?"

"तिथंच. पॉज करून झाकण लावलंय."

"कवापासनं?"

"मंगळवारपासनं."

मग सुटला. एवढा बसलेला घसा, पण बाजूला उभ्या आबांना ऐकू गेलं. "अरं गाढवा, झाकण लावलं म्हंजे ती उबेत बसली व्हय रं? एवढी माणसं वर नेलीस तवा तोंड लय चालत हुतं तुझं. बातम्या देत हुतास. आता सातशे राहिल्यात तर तीन दिवस बघायला पण गेला न्हाईस? अक्कल गहाण टाकलीस का सांगलीत? खिंडीची वाट बंद असंल तर दुसरी हुडक. राजधानी गेली खड्ड्यात, दुश्मनाला दोन परगणं दे, तह कर, पाया पड त्याच्या, पण ती माणसं खाली आण. आजच्या आज. आणि आणताना आकड्यावरची नजर हलवायची न्हाई. एक जरी कमी झाला तर मला सांगायचा. आणि परत त्या बातम्यावाल्याचं तोंड केलंस ना, तर सुट्टीवर आल्यावर पयलं तुझं तोंड फोडीन, लॅपटॉप नंतर. कळलं का? रडतोस काय? फोन दे आईला."