मागावर तोंड रिकामं

माझ्या धाकट्या भावाला मी एका जागी बसून ताट संपवताना कधी पाहिलं नाही. चार घास खाल्ले की उठायचा, दारात जायचा, रस्त्यावर कोण आहे ते पाहायचा आणि परत येऊन भात मागायचा. झोपेतही त्याचा पाय हलायचा. आई त्याला भिंगरी म्हणायची. पुढे आमचं सगळं मोहाडी गावच म्हणू लागलं.

तो बसायचा फक्त मागावर. आम्ही कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं कापड विणणारे. पाय पावड्यांवर, एक हात धोट्याच्या दोरीला, दुसरा फणीला. सगळं अंग कामाला लागलं की त्याचा चेहरा शांत व्हायचा. बापाचा नियम होता, मागावर तोंड रिकामं, पान-तंबाखू काही नाही. एक शिंतोडा उडाला की सगळं कापड वाया. भिंगरीने हा नियम कधी मोडला नाही. बाकीचे सगळे नियम मोडले.

पुढे मागावर पोट भरेना. त्याने ऑटो चालवला, राईस मिलमध्ये पोती उचलली, बाजारात भाजी विकली. काहीच टिकलं नाही. मी मोठी बहीण म्हणून विचारलं तर म्हणायचा, "बाई, मन लागत नाही. कायले बसू?"

टिकला तो खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला. डोळे उघडले की तोंडात. वरून गुळाचे खडे. अंगाने सुटला, शुगर झाली. मी म्हणाले, "तोंड आहे का उकिरडा?"

"अन् तू गुडाखू घासते, ते गंगाजल हाये काय?"

गुडाखूत तंबाखू असते खरी, पण मी दातांसाठी घासते. त्या दिवशी त्याला चहा दिला नाही.

त्याची मुलगी संगीता नागपूरला औषधांचं शिकली. तीही बापासारखीच, बोलताना उभी, बसली तर पाय हलता. एका दिवाळीला तिने आम्हाला समजावलं. "आत्या, मेंदूत डोपामिन म्हणून एक रसायन असते. त्यानं गोडी लागते, चित्त लागते. काही लोकांची जनुकं जन्मापासून अशी असतात की त्याचा असर कमी पडते. तुमचं जेवून समाधान होते, बाबांचं होत नाही. मग जीव आणखी मागते, गोड मागते, तंबाखू मागते. भूक अन् शुगरवरही त्याचा थोडाफार हात असते."

मी म्हणाले, "आम्ही एकाच आईबापाची लेकरं. मग मले काहून नाही?"

"सगळ्यांच्या वाट्याले सारखं येत नाही. अन् जनुकं ओढ लावतात, पुडी आणून नाही देत."

हे शेवटचं ऐकायला भिंगरी थांबलाच नव्हता. पानठेल्यावर जाऊन सांगत होता, "माझी पोरगी शिकून आली. म्हणते, माझ्या डोक्यातच माल कमी हाये. हा खर्रा नाही, दवाई हाये." पानठेलेवाला खूश झाला.

मग त्याचं तोंड उघडेना. भाताचा घासही जाईना. डॉक्टर म्हणाले, सोडा, नाहीतर कॅन्सर होईल. त्या दिवशी तो माझ्याकडे येऊन बसला. "बाई, मले सोडायचं हाये. पण हात आपोआप जाते."

बापाचा माग माझ्या गुरांच्या कोठ्यात पडून होता. मी पाय सोडायला खड्डा खोदवून तो बसवला, सुती धागा आणून दिला. म्हणाले, "बस. नियम माहीत हाये ना?"

तो बसला. खाली उतरला की कधी कधी पानठेल्यावर जायचा, नाही कशाला म्हणू? म्हणून उतरायचंच टाळायचा. अंधार पडेपर्यंत विणायचा. त्याचे पंचे कोणी विकत घेतले नाहीत. मी अजून त्यांनीच भांडी पुसते.

पण उशीर झाला होता. गालात गाठ निघाली. दवाखान्यात त्याचा पाय हलायचा थांबला, तेव्हा मी नर्सला हाक मारली.

तेरवी झाल्यावर संगीता कोठ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आत्या, बाबांचं हे माझ्यातही असेल काय?"

"हाये. तू लहान होती तेव्हापासून पाहून राहिली मी."

"मग?"

"मग काय? तोंड रिकामं ठेव अन् बस."

ती मागावर बसली. तिने धोटा फेकला, दोरा तुटला. मी सांधून दिला. दिवे लागेपर्यंत खटखट चालू होती. काठ वाकडा येत होता. मी तिच्यासाठी पुढचा धागा गुंडाळत बसले.