अनोळखी प्रथिन

गरम पाण्याच्या झऱ्यात सापडलेल्या एका जिवाणूचं प्रथिन मी जगभरातल्या माहितीशी संगणकावर ताडून पाहत होते. उत्तर आलं, काहीच जुळत नाही. माझा चेहरा उतरला.

"मॅडम, माझंच काहीतरी चुकलंय," मी माझ्या मार्गदर्शक बाईंना म्हणाले.

त्यांनी सगळं पुन्हा तपासलं आणि त्या हसल्या. "चुकलं नाही गं. हे अजून कुणी पाहिलेलंच नाही."

मी पडद्याकडे बघतच राहिले. असे किती जण त्या कढत पाण्यात बिननावाचे सुखाने नांदत असतील!

"आता नाव तूच ठेव," मॅडम म्हणाल्या.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. त्या दुपारी मी आत्या झाले.