पहिला कप रोडाला

शहागडच्या अलीकडं आमचं गाव. गावाला चिकटून जाणारा जुना हायवे आता कुणाचाच राहिलेला नाही. त्यावर लोक मका वाळत घालतात, कुत्री झोपतात. त्याच्या कडेला साळूबाईचं चहाचं हॉटेल आहे, आणि साळूबाईच्या पोटात कायम दुखतं. त्याला औषध नाही, कारण दुखण्याचं नाव चांगुणाबाई, तिची धाकटी जाऊ.

वाटणीच्या वेळी साळूबाईच हटून बसली होती, "रोडाकडची बाजू थोरलीची!" चांगुणाबाईनं मुकाट्यानं मागचं रान घेतलं. तेव्हा ट्रकांची रांग लागायची, भजी तळून साळूबाईचे हात भरून यायचे. मग चौपदरी रस्ता आला आणि गावाला वळसा घालून नेमका मागच्या रानातून गेला. थोडं रान रस्त्यात गेलं, उरलेलं रस्त्याला लागलं. आता तिथं चांगुणाबाईचं हॉटेल. "रोड बी वळून तिच्याकडंच गेला," असं साळूबाई येईल त्याला सांगते. येतं कोण म्हणा!

तरी सासूनं घालून दिलेला रिवाज तिनं सोडला नाही. पहिला कप रोडाला. रोज सकाळी त्या ओसाड डांबरावर चहा ओतते, हात जोडते. चांगुणाबाईही तिकडं तेच करते, आणि ते हिला बिलकुल सहन होत नाही.

परवा चांगुणाबाईला माहेरी लग्नाला जायचं होतं. "बाई, आजचा दिवस हाटेल बघता का? दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई."

"बघते की," साळूबाई म्हणाली.

चांगुणाबाई गेली. चहा उकळला. साळूबाईनं शेगडी बारीक केली, पहिला कप पदराखाली झाकला आणि बांधाबांधानं चालत जाऊन थेट जुन्या रोडावर ओतला. "घे. तिच्या रोडाला आज उपास घडू दे."

खुशीत परत आली, तर हॉटेलासमोर ट्रकच ट्रक.

"मावशी, कुठं गेल्त्या? जल्दी चहा टाका!"

नव्या रोडाला काही ओता, नका ओतू, त्याला फरकच पडत नव्हता. साळूबाईला रडू आलं, पण रडायलाही सवड मिळेना. दिवसभर तिचे हात चालत राहिले, पूर्वीसारखे.

संध्याकाळी चांगुणाबाई परतली. "बाई, गिऱ्हाईक होतं का?"

"कुठलं काय! माश्या मारून राह्यले दिवसभर," साळूबाई ओले हात पदराला पुसत म्हणाली. "अन् उद्या लग्नाची पूजा असंल न माहेरी? मंग जा की तू. मी हाय इथं."